घरचं मैदान आणि पाटा खेळपट्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात कसोटी मालिका सुरू झाली की तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. सामना तीन दिवसांत संपला तर एका सुरात आणि पाचव्या दिवशी कंटाळवाणा अनिर्णित राहिला तर दुसऱ्या सुरात. त्यांतले सगळ्यात जास्त वेळा आलेले इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंतागुंतीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट शक्यतो दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे नेमकं काय? फक्त खेळपट्टीच ना?

खेळपट्टी हा त्यातला सर्वांत मोठा भाग, पण एकमेव नाही. चेंडूपासूनच फरक सुरू होतो. भारतात मेरठचा एसजी वापरतात, इंग्लंड आणि वेस्ट इंडीजमध्ये ड्यूक्स, ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिकेत कुकाबुरा. ड्यूक्स बराच वेळ स्विंग होतो. कुकाबुराची शिवण लवकर बसते. एसजीची शिवण उठावदार असते, त्यामुळे फिरकीपटूच्या बोटांना पकड मिळते. लहानपणापासून ज्या चेंडूनं आणि ज्या उसळीवर खेळलो, तिथे हातपाय विचार न करता हलतात. पाहुण्याला मात्र प्रत्येक चेंडूला विचार करावा लागतो. शिवाय हवामान, दव, प्रकाश, प्रेक्षकांचा गलका, आणि गरज पडली तर लगेच बोलावता येईल असा राखीव खेळाडू.

२. ‘पाटा’ खेळपट्टी कशाला म्हणायचं?

ज्या खेळपट्टीवर चेंडू ना वळतो, ना उसळतो, ना शिवणीवरून हलतो, आणि पाचव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखीच राहते, ती पाटा. नाव आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे : पाटा-वरवंट्यातला पाटा, सपाट आणि ढिम्म.

ती तयार करायला माती घट्ट दाबून दाबून रोलर फिरवायचा, वरचं गवत कापून टाकायचं पण मुळं जिवंत ठेवायची म्हणजे भेगा पडत नाहीत, आणि ओलावा सामन्याच्या बराच आधी उतरू द्यायचा. उलट फिरकीचा आखाडा हवा असेल तर पाणी कमी द्यायचं, खेळपट्टी कोरडी ठेवायची, पृष्ठभाग लवकर सुटेल असं बघायचं. मातीचाही वाटा असतो. वानखेडेसारख्या लाल मातीवर उसळी मिळते आणि फुटायला लागली की चेंडू झपकन वळतो. काळ्या मातीवर चेंडू खाली राहतो आणि थांबून येतो.

३. खेळपट्टी कशी असावी हे ठरवतं कोण? कर्णधार क्यूरेटरला, म्हणजे खेळपट्टी तयार करणाऱ्याला, सांगू शकतो का?

खेळाच्या नियमांप्रमाणे सामन्याआधी खेळपट्टी निवडणं आणि तयार करणं ही मैदानाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी. सामना सुरू झाल्यावर तिच्यावर पंचांचा ताबा. यजमान कर्णधारानं मत सांगू नये असा नियम कुठेही नाही, आणि सगळे सांगतात. २०१२ मध्ये महेंद्रसिंह धोनीनं वळणाऱ्या खेळपट्ट्या हव्यात हे पत्रकारांसमोरच सांगितलं होतं. २०२३ च्या अ‍ॅशेसआधी बेन स्टोक्सनं वेगवान आणि सपाट खेळपट्ट्या मागितल्या, त्याही जाहीरपणे. क्यूरेटर ऐकतो की नाही, हे त्याच्या कण्यावर आणि संघटनेच्या दबावावर अवलंबून.

४. आपल्याला सोयीची खेळपट्टी करून घेणं ही फसवणूक नाही का?

नाही. पर्थला उसळी असते, लॉर्ड्सला ढग असतात, चेन्नईला फिरकी असते. म्हणून तर परदेशात मिळवलेल्या विजयाला मोल आहे. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या, सुनील गावसकरांनी पदार्पणाच्याच मालिकेत ७७४ धावा केल्या, मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२ केल्या. सगळी मैदानं एकसारखी असती तर त्या धावांची आठवण आजही एवढी ताजी राहिली नसती.

माझा निकष साधा आहे. दोन्ही संघांच्या चांगल्या गोलंदाजाला बळी मिळण्याची आशा हवी आणि दोन्ही संघांच्या चांगल्या फलंदाजाला धावा करण्याची. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूरच्या खेळपट्टीवर डावखुऱ्यांना गैरसोय व्हावी म्हणून ठरावीक जागी पाणी मारल्याची चर्चा ऑस्ट्रेलियन माध्यमांनी सामन्याआधीच सुरू केली. ऑस्ट्रेलियाचे डाव १७७ आणि ९१ वर संपले, पण त्याच पट्टीवर भारतानं ४०० केल्या, रोहित शर्मानं १२०. ती खेळपट्टी अवघड होती. अन्यायी नव्हती.

५. आखाड्यावर एवढी ओरड होते, मग पाट्यावर का नाही?

कारण पाट्यावर सहसा कुणी हरत नाही, आणि जो हरत नाही तो तक्रार करत नाही. खरं नुकसान गोलंदाजाचं होतं, पण त्याची बाजू मांडायला कुणी उभं राहत नाही. हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

ऑगस्ट १९९७, कोलंबो. मुंबईचा डावखुरा फिरकीपटू नीलेश कुलकर्णी कसोटी पदार्पण करत होता. कारकिर्दीतल्या पहिल्याच चेंडूवर त्यानं मर्वन अटापट्टूला बाद केलं. कुठल्याही गोलंदाजाला स्वप्नात दिसावा असा क्षण. त्यानंतर सनत जयसूर्या आणि रोशन महानामा यांनी ५७६ धावांची भागीदारी केली. जयसूर्या ३४०, महानामा २२५. श्रीलंकेनं ६ बाद ९५२ वर डाव सोडला. कुलकर्णीचं पृथक्करण झालं ७० षटकं, १९५ धावा, १ बळी. तो पहिल्याच चेंडूवरचा. उरलेल्या ४१९ चेंडूंवर त्याला काहीही मिळालं नाही. पूर्ण सामन्यात १४८९ धावा झाल्या आणि १४ गडी बाद झाले. कुलकर्णी पुढे फक्त दोन कसोटी खेळला. त्या विक्रमी धावसंख्येच्या गोष्टी आजही रंगवून सांगितल्या जातात, पण तरुण गोलंदाजाला तशा सिमेंटवर उभं करणं म्हणजे काय, हे फार थोड्यांनी विचारलं.

मार्च २०२२, रावळपिंडी. ऑस्ट्रेलिया २४ वर्षांनी पाकिस्तानात खेळायला आली होती. मैदान भरलं होतं, लोकांनी एवढी वर्षं वाट पाहिली होती. त्यांना काय मिळालं? पाच दिवसांत ११८७ धावा आणि १४ बळी. पाकिस्तानचा दुसरा डाव बिनबाद २५२ वर थांबला. ऑस्ट्रेलियाच्या वेगवान माऱ्याची धार बोथट करायची होती, ती झाली. पण दुसरी कसोटीही अनिर्णित राहिली, तिसरी लाहोरला ऑस्ट्रेलियानं ११५ धावांनी जिंकली आणि मालिका घेऊन गेली. पाकिस्तानचा स्वतःचा वेगवान गोलंदाज शाहीन आफ्रिदीसुद्धा त्याच पाट्यावर निष्प्रभ होतो, हा हिशेब यजमान मांडत नाहीत.

तीन दिवसांत संपलेला सामना निदान काहीतरी घडवून संपतो. पाच दिवस ताटकळत ठेवून काहीच न देणारा सामना कसोटी क्रिकेटला जास्त महाग पडतो, असं माझं ठाम मत आहे.

६. म्हणजे पाटा असला की सामना अनिर्णितच राहणार?

नाही. त्याच रावळपिंडीवर डिसेंबर २०२२ मध्ये इंग्लंडनं पहिल्या दिवशी ४ बाद ५०६ केल्या, इतक्या वेगानं की सामना संपवायला वेळ उरला. पाकिस्ताननं ५७९ करूनही इंग्लंड ७४ धावांनी जिंकलं, तेही पाचव्या दिवशी अंधार पडता पडता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुलतानला पाकिस्ताननं पहिल्या डावात ५५६ केल्या, इंग्लंडनं ७ बाद ८२३ (हॅरी ब्रूक ३१७, जो रूट २६२), आणि पाकिस्तान डावानं हरलं. २००९ मध्ये ब्रेबॉर्नवर सेहवागच्या २९३ धावांच्या जोरावर भारतानं ९ बाद ७२६ केल्या आणि श्रीलंकेला डावानं हरवलं. पाट्यावर वेळ हाच गोलंदाज असतो. जो संघ वेळ वाचवतो, त्याला संधी मिळते.

७. आयसीसी खेळपट्टीला गुण देते म्हणे. ते कसं?

सामनाधिकारी प्रत्येक सामन्यानंतर अहवाल देतात. २०१८ पासून वाईट शेऱ्यासोबत मैदानाच्या नावावर अवगुण (डिमेरिट पॉइंट) जमा होऊ लागले. तेव्हा ‘सरासरीपेक्षा कमी’ला १, ‘वाईट’ला ३ आणि ‘खेळण्यास अयोग्य’ला ५. पाच वर्षांत ५ अवगुण झाले की त्या मैदानावर वर्षभर आंतरराष्ट्रीय सामने नाहीत. पुढे श्रेण्या कमी करून चार केल्या : उत्तम, समाधानकारक, असमाधानकारक, अयोग्य. बंदीची मर्यादाही ५ वरून ६ अवगुणांवर नेली. यजमान मंडळाला अपील करता येतं आणि ते कधी कधी यशस्वीही होतं. २०२३ मध्ये इंदूरला आधी ‘वाईट’ शेरा मिळाला, अपिलानंतर तो एक पायरी वर आला. प्रश्न ६ मधल्या रावळपिंडीला मिळालेला अवगुणही अपिलात रद्द झाला.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की निकष दोन्ही टोकांना लागू आहेत. चेंडू फार वळला तर दोष आहे आणि अजिबात हलला नाही तरीही दोष आहे.

८. कारवाई फक्त आपल्याकडच्या मैदानांवर होते, हे खरं आहे का?

रागानं विचारला जाणारा प्रश्न, आणि राग अगदी निराधार नाही. पण यादी पाहा. २०१४ मध्ये ट्रेंट ब्रिज ‘वाईट’ : भारताविरुद्ध जो रूट आणि अँडरसन यांनी शेवटच्या जोडीसाठी १९८ धावा केल्या, एवढी ती पट्टी निर्जीव होती. २०१७ मध्ये मेलबर्न ‘वाईट’ : अ‍ॅलिस्टर कुक नाबाद २४४, सामना अनिर्णित. जानेवारी २०१८ मध्ये जोहान्सबर्ग ‘वाईट’, तिथे चेंडू फलंदाजांच्या अंगावर येत होते. जानेवारी २०२४ मध्ये केपटाऊन ‘असमाधानकारक’ : भारतानं जिंकलेला तो सामना ६४२ चेंडूंत संपला, निकाल लागलेली इतिहासातली सर्वांत छोटी कसोटी. डिसेंबर २०२५ मध्ये मेलबर्न पुन्हा ‘असमाधानकारक’, दोन दिवसांत खेळ खलास.

राग कुठे रास्त आहे ते सांगतो. त्याच २०२५ च्या मोसमात पर्थची कसोटीही दोन दिवसांत संपली आणि तिला सर्वांत वरची श्रेणी मिळाली. हिरवळीवर बळी गेले की ‘गोलंदाजी भारी’, धुळीवर गेले की ‘खेळपट्टी वाईट’, ही सवय समालोचकांच्या भाषेत खोलवर मुरली आहे. कागदावरचे निकष समान आहेत. त्यांकडे पाहणारी नजर अजून समान झालेली नाही.

९. आपण आखाडा बनवतो आणि आपणच हरतो. असं का?

हा प्रश्न महाराष्ट्रातून सर्वांत जास्त येतो, कारण जखमा इथल्याच मैदानांवरच्या आहेत.

नोव्हेंबर २०१२, वानखेडे. अहमदाबादला जिंकल्यावर भारतानं वळणारी पट्टी मागितली आणि ती मिळाली. केविन पीटरसननं १८६ केल्या, माँटी पनेसरनं ११ आणि ग्रॅम स्वाननं ८ बळी घेतले, इंग्लंड १० गड्यांनी जिंकलं. फेब्रुवारी २०१७, पुण्याजवळचं गहुंजे. स्टीव्ह ओकीफ, ज्याची भारतीय फलंदाजांना फारशी धास्ती नव्हती, त्यानं ७० धावांत १२ बळी घेतले. भारताचे डाव १०५ आणि १०७ वर आटोपले, पराभव ३३३ धावांनी, खेळपट्टीला ‘वाईट’ शेरा. २०२४ मध्ये पुन्हा गहुंजे : मिचेल सँटनरचे १३ बळी. आणि लगेच वानखेडे : १४७ धावांचा पाठलाग करताना भारत १२१ वर संपला, मुंबईत जन्मलेल्या एजाझ पटेलनं सामन्यात ११ बळी घेतले. न्यूझीलंड ३-० नं जिंकलं. २०१३ पासून चालत आलेली सलग १८ मायदेशी मालिका विजयांची साखळी त्या मालिकेत तुटली.

कारण गणिती आहे. चांगल्या खेळपट्टीवर अश्विन-जडेजा आणि पाहुण्या संघाचा साधा फिरकीपटू यांच्यात मोठं अंतर असतं. ते कौशल्याचं अंतर. चेंडू आपोआप वळायला लागला की हे अंतर मिटतं. मधल्या फळीतल्या उत्तम फलंदाजाचंही तेच : त्याचं तंत्र जिथे उपयोगी पडायला हवं, तिथे चेंडूच ठरवतो की आज वळायचं की सरळ जायचं. आखाडा बलवान संघाला दुबळ्याच्या पातळीवर आणतो. बलवान यजमानाला तो कधीच परवडत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये हेच पुन्हा दिसलं. कोलकात्यात १२४ चा पाठलाग ९३ वर थांबला, दक्षिण आफ्रिकेच्या सायमन हार्मरनं सामन्यात ८ बळी घेतले. मात्र पुढची कसोटी गुवाहाटीला, जिथे दक्षिण आफ्रिकेनं पहिल्या डावात ४८९ केल्या, तिथेही भारत ४०८ धावांनी हरला. म्हणून सगळा दोष मातीवर टाकू नका. फिरकी खेळण्याचं आपलं तंत्र ढासळलंय, हे मान्य करावं लागेल.

१०. अश्विन फक्त घरचा वाघ होता का?

त्याच्या ५३७ बळींपैकी ३८३ भारतात आले. जेम्स अँडरसनच्या ७०४ पैकी ४३४ इंग्लंडमध्ये. मुरलीधरनच्या ८०० पैकी ४९३ श्रीलंकेत. घरी जास्त बळी मिळणं हे प्रत्येक मोठ्या गोलंदाजाचं वास्तव आहे, कारण संघ त्याला घरी जास्त षटकं देतो. हा प्रश्न अश्विनसाठी विचारायचा असेल तर अँडरसनसाठीही विचारा.

११. पूर्वी असं नव्हतं, पूर्वी खेळपट्ट्या चांगल्या होत्या. बरोबर?

पूर्वी पाटा हाच नियम होता. १९५४-५५ आणि १९६०-६१ मधल्या भारत-पाकिस्तान मालिकांतल्या दहाच्या दहा कसोटी अनिर्णित राहिल्या. १९६३-६४ ची इंग्लंडविरुद्धची पाचही अनिर्णित. त्यातल्याच मद्रास कसोटीत नाशिकच्या बापू नाडकर्णींनी सलग २१ निर्धाव षटकं टाकली, पृथक्करण ३२-२७-५-० (षटकं, निर्धाव, धावा, बळी). मारा अचूक होताच, पण खेळही किती गोठला होता ते त्यात दिसतं. १९८१-८२ मध्ये भारतानं इंग्लंडविरुद्ध वानखेडेवर पहिली कसोटी जिंकली आणि उरलेल्या पाच अनिर्णित ठेवून मालिका खिशात घातली. आघाडी घ्यायची आणि पाट्यांमागे लपायचं, हा डाव नवा नाही.

देशांतर्गत क्रिकेट त्याहून पुढे होतं. मार्च १९४९ मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात झालेल्या रणजी उपांत्य सामन्यात २३७६ धावा झाल्या. मुंबईनं ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्रानं ४०७ आणि ६०४. खेळ सात दिवस चालला. त्या गोलंदाजांबद्दल मला आजही वाईट वाटतं.

१२. नाणेफेक रद्द करून पाहुण्यांनाच निवड दिली तर?

प्रयोग झालाय. इंग्लंडच्या काउंटी स्पर्धेत २०१६ ते २०१९ पाहुण्या कर्णधाराला हवं तर नाणेफेकीशिवाय थेट गोलंदाजी घेण्याची मुभा होती. उद्देश हा की यजमानांनी अति हिरव्या पट्ट्या करू नयेत. २०२० पासून तो नियम गेला. मे २०१८ मध्ये आयसीसीच्या क्रिकेट समितीनं कसोटीतही यावर विचार केला आणि नाणेफेक ठेवायचं ठरवलं. मला ते योग्य वाटत नाही. विश्व अजिंक्यपद स्पर्धेत प्रत्येक सामन्याला गुण असताना पाहुण्यांना निवड देणं हा यजमानाला शहाणपण शिकवायचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. पण एक तोटा खरा आहे : भीतीपोटी यजमान आखाड्याऐवजी पाटाच करतील. मग प्रश्न ५ पुन्हा समोर.

१३. तटस्थ पंच आहेत, मग तटस्थ क्यूरेटर का नाहीत?

पंचांबाबतचा बदलही सहज झाला नव्हता. १९८६ मध्ये इम्रान खानच्या आग्रहावरून पाकिस्तान-वेस्ट इंडीज मालिकेत भारताचे व्ही. के. रामस्वामी आणि आपले पिलू रिपोर्टर उभे राहिले. दोन्ही पंच तटस्थ असण्याचा नियम यायला २००२ उजाडलं. क्यूरेटरचं काम मात्र वेगळं आहे. पंच कुठेही तोच नियम लावतो. मातीला तो न्याय चालत नाही. ब्रिस्बेनचा माणूस चेन्नईच्या चेपॉकची माती दोन आठवड्यांत ओळखू शकत नाही. भारतात २०१६-१७ चा रणजी मोसम संपूर्ण तटस्थ मैदानांवर झाला आणि पुढच्याच वर्षी ती पद्धत सोडून दिली.

१४. स्वतःचं मैदानच नसेल तर घरचा फायदा उरतो का?

पाकिस्ताननं याचं उत्तर दिलंय. मार्च २००९ मध्ये लाहोरला श्रीलंकेच्या संघावर हल्ला झाल्यावर दहा वर्षं त्यांच्या घरच्या बहुतेक कसोटी अमिरातीत झाल्या. स्टँड बहुधा रिकामे. तरी २०१२ मध्ये त्यांनी तिथे इंग्लंडला ३-० नं हरवलं आणि २०१६ मध्ये क्रमवारीत पहिलं स्थान गाठलं. गर्दी नसतानाही संथ, कोरड्या पट्ट्यांनी काम केलं. प्रश्न १ मध्ये खेळपट्टीला सर्वांत मोठा वाटा का दिला, ते यावरून समजेल.

१५. सामना चालू असताना खेळपट्टी बदलता येते का?

पाणी मारता येत नाही. सामन्यातल्या पहिल्या डावाचा अपवाद सोडला तर प्रत्येक डावाआधी, आणि रोज खेळ सुरू होण्याआधी, फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराला जास्तीत जास्त ७ मिनिटं रोलर फिरवून घेता येतो. जड की हलका, हे तोच ठरवतो. फुटू लागलेल्या पट्टीवर ही निवड महागात पडू शकते.

१६. एकाच खेळपट्टीवर लागोपाठ दोन कसोटी खेळवणं नियमात बसतं?

बसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुलतानला पाकिस्ताननं नेमकं तेच केलं. प्रश्न ६ मधली ८२३ धावांची पट्टी मोठे पंखे लावून वाळवली आणि त्याच पट्टीवर दुसरी कसोटी खेळवली. साजिद खान आणि नोमान अली यांनी वीसच्या वीस बळी घेतले, पाकिस्तान १५२ धावांनी जिंकलं. तिसरी रावळपिंडीला, तिथेही पंख्यांची आणि हीटरची मदत घेतली आणि मालिका २-१ अशी फिरवली. शेवटच्या दोन कसोटींतल्या ४० बळींपैकी ३९ या दोघांचे.

मला हे मान्य आहे का, असं अनेकांनी विचारलंय. हो. पहिल्या कसोटीत त्या पट्टीनं गोलंदाजांना काहीच दिलं नव्हतं, दुसऱ्या कसोटीत दिलं, आणि इंग्लंडच्या बेन डकेटनं तिथे शतकही ठोकलं.